अठरा पॉइंट चार लिटर पोकळी

शेवटच्या वर्षाला कसला प्रोजेक्ट केलास, असं कुणी विचारलं की मी 'गिअरबॉक्सवर' एवढंच सांगते. माणसं मान डोलावतात आणि विषय बदलतात, ते बरं असतं. खरं उत्तर असं आहे की मी चार महिने एका लोखंडी पेटीतली रिकामी जागा मोजत होते. कल्याणजवळ मोहन्यात आमच्या गल्लीत हे सांगण्यासारखं नाही. तिथे आईने आधीच जाहीर केलंय की मुलगी कंपनीत मशीन बनवते, आणि आईचं म्हणणं खोडून काढण्याइतकी माझी पदवी मोठी नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. लोक याबद्दल फार कौतुकाने बोलतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की बाकीच्यांना जे घरी जेवता जेवता कळतं, ते आपल्याला खिडकीसमोर रांगेत उभं राहून कळतं. ठाण्याच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात बोनाफाइड आणा म्हणाले, तर मी स्टेशनरीच्या दुकानात जाऊन मागितलं. दुकानदाराने न हसता सांगितलं, संपलंय. त्या माणसाबद्दल मला अजून आदर आहे.

पप्पा फरशी बसवायची कामं करतात. खोलीच्या दारात उभं राहून चारी भिंतींवरून एकदा नजर फिरवली की किती पेट्या टाइल्स लागतील ते सांगतात, आणि शेवटी एखाद-दुसरीच टाइल उरते. मला तसं सांगता येत नाही. म्हणून मला इंजिनिअर करायचं ठरलं.

कॉलेजातले प्रोजेक्टचे सर फार स्पष्ट होते. कंपनीतून काम आणा, त्यातून एक आकडा काढा आणि रिपोर्टवर कंपनीच्या साहेबांची सही आणा. सही नाही तर वर्ष गेलं. आकडा बरोबर हवा, असं काही ते म्हणाले नव्हते, पण ते मी आपलं धरून चालले.

ओळखीतून डोंबिवलीच्या औद्योगिक भागात एक कंपनी मिळाली. छोटी कंपनी, गिअरबॉक्स बनवणारी. मोटर जोरात फिरते आणि रंगाच्या कारखान्यातलं ढवळायचं पातं हळू फिरायला लागतं, तेव्हा दोघांच्या मधे दातेरी चाकांची एक जड पेटी बसते, तो गिअरबॉक्स. आतली चाकं तेलात अर्धवट बुडालेली लागतात. तेल कमी पडलं तर चाकं झिजतात. जास्त झालं तर ते ताकासारखं घुसळलं जातं, तापतं, फेसाळतं आणि मिळेल त्या वाटेने बाहेर पडतं. म्हणून प्रत्येक पेटीवर एक पितळी पाटी ठोकलेली असते, आणि तिच्यावर इतर गोष्टींबरोबर 'तेल: अमुक लिटर' असं कोरलेलं असतं.

इतकी वर्षं हा आकडा काकांकडून यायचा. काका म्हणजे पेटी जोडणाऱ्या विभागाचे मुख्य. मूळचे तिथल्याच गावातले, कारखाने यायच्या आधी ज्यांची भातशेती होती त्या घरातले. पेटी जोडून झाली की काका डब्यातून तेल ओतत. पेटीच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी अशी गोल काच असते, तिच्यात तेल बरोबर मध्यावर दिसलं की थांबत आणि डब्यात उरलेलं बघून आकडा सांगत. एकतीस वर्षं ही पद्धत नीट चाललेली, त्यामुळे ती बदलणं भागच होतं. एका नव्या गिऱ्हाइकाने माहितीपुस्तिका आधी मागितली. पेटी जन्माला यायच्या आधी तिची भूक लिहून द्यायची होती.

डिझाइनचे साहेब मला म्हणाले, "सोपं आहे. अख्खी असेंब्ली कॉम्प्युटरवर तयार आहे. आतली जागा किती ते त्याला विचारायचं, आकडा लिहायचा. दोन तासांचं काम." साहेब डोंबिवलीचेच, तीन पिढ्यांचे. त्यांचं मराठी इतकं शुद्ध की ते रागावले तरी आपण काहीतरी शिकलो असं वाटतं.

मी विचारलं. कॉम्प्युटरने उत्तर दिलं नाही. त्या प्रोग्राममध्ये पेटीचा एकूण एक भाग आहे, दोनशे सोळा भाग. प्रत्येकाचं वजन, आकारमान, गुरुत्वमध्य, सगळं त्याला ठाऊक. एका वॉशरचं वजन तो दशांशानंतर तीन आकड्यांपर्यंत सांगतो. पण या सगळ्या भागांच्या मधे जे काही नाही, ते यादीत नाही, आणि यादीत नसलेल्याचं माप त्याच्याकडे नाही. मला यात नवल वाटायला नको होतं. कल्याण-डोंबिवलीत घर घेतलेल्या कुणालाही विचारा. भिंती, जिना, लिफ्ट, गच्ची, सगळ्याचं माप कागदावर चोख असतं. आत हातपाय पसरायला किती जागा, ते राहायला गेल्यावर कळतं.

दोन तासांच्या कामाचा पहिला आठवडा मी फक्त युक्ती शोधण्यात घालवला. युक्ती अशी, की रिकाम्या जागेत एक खोटा भरीव ठोकळा बसवायचा, पेटी आतून जेवढी आहे तेवढा. मग त्या ठोकळ्यातून चाकं, ती ज्यांच्यावर बसतात ते दांडे म्हणजे शाफ्ट, भिंतींच्या आतल्या पट्ट्या, असं एकेक करून सगळं वजा करायचं. जे उरतं ते पोकळीचा साचा. मग जिथपर्यंत तेल हवंय, म्हणजे काचेच्या मध्याशी, तिथे एक आडवी रेघ मारून वरचा भाग कापून टाकायचा. खाली राहतं ते तेल. त्याचं आकारमान विचारलं की कॉम्प्युटर आनंदाने सांगतो, कारण आता ते 'काहीतरी' आहे.

पण त्याआधी पेटीची सगळी भोकं बुजवावी लागतात. हवेचं भोक, तेल काढायचं भोक, काचेचं भोक, शाफ्ट बाहेर येतात ती दोन. एक जरी राहिलं तर आतलं आणि बाहेरचं एकच होतं, आणि मग प्रोग्राम अख्ख्या जगाची पोकळी मोजायला निघतो, दमतो आणि 'पृष्ठभाग बंद नाही' असं लिहून बसून राहतो. कुठे बंद नाही, ते सांगत नाही. मला वाटायचं, आमच्या सरांनीच बनवला असावा. दोन दिवस मी त्या पेटीच्या आत फिरत होते. शेवटी शाफ्ट आणि झाकणाच्या मधे अर्ध्या मिलिमीटरची फट सापडली.

ती बुजवली आणि आकडा आला. अठरा पॉइंट चार लिटर.

त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं की मी मोजलं. आई म्हणाली, काय मोजलं? म्हटलं, पेटीतली मोकळी जागा. आईने जरा वेळ माझ्याकडे बघितलं, आणि शेजारच्या काकूंना हे सांगू नकोस म्हणाली. पप्पांनी मात्र विचारलं, "भिंतीची जाडी सोडलीस ना?" सोडली म्हटलं. "मग बरोबर असंल," म्हणाले आणि जेवायला बसले. या संपूर्ण प्रकरणात माझ्या आकड्याला मिळालेली ही एकमेव मान्यता, आणि ती मी मोजली नाही, कारण ती घरची होती.

सकाळी साहेबांकडे कागद नेला. काका तिथेच उभे होते, दुसऱ्याच कुठल्या तरी कामाला आलेले. साहेबांनी कागद बघितला आणि त्यांना विचारलं, या मापाच्या पेटीला किती तेल जातं हो? काका म्हणाले, बावीस. विचार न करता, आपण आपला फोन नंबर सांगतो तसं. साहेबांनी माझा कागद मला परत दिला.

"अठरा आणि बावीस," ते म्हणाले. "यातला एक आकडा एकतीस वर्षांचा आहे आणि एक कालचा. चूक शोध."

मला एवढंच विचारता आलं असतं की काका, तुम्ही कुठल्या पेटीचं बोलताय? पण माझ्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलेलं नसल्यामुळे मोठ्या माणसांवर शंका घेण्याचा आम्हाला सराव नाही. मी हो म्हटलं आणि चूक शोधायला गेले.

आठ दिवस शोधली. चाकं पुन्हा वजा केली. पट्ट्या पुन्हा मोजल्या. ठोकळा पाडून नवा बांधला. प्रत्येक वेळी अठरा पॉइंट चार. एकदा अठरा पॉइंट तीन नऊ आला, तेव्हा आशा वाटली, पण ती माझीच टायपिंगची चूक निघाली. चूक सापडत नाही याचा अर्थ ती नसेल, असाही होऊ शकतो, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या आजवरच्या अनुभवात चूक सापडत नाही याचा अर्थ चूक फार मोठी आहे, असाच व्हायचा. रोज चहाच्या वेळी साहेब जाता जाता विचारायचे, सापडली का? मी नाही म्हणायचे. ते "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये माझ्या रिपोर्टवरची सही असायची, जरा जरा पुसट होत चाललेली.

नवव्या दिवशी मला चूक सापडली नाही, पण बावीस सापडले. तेलाची जी आडवी रेघ होती ती मी तीन मिलिमीटर वर सरकवली. आकडा वाढला. अजून तीन. अजून वाढला. अठ्ठावीस मिलिमीटर वर नेल्यावर बरोबर बावीस पॉइंट शून्य आले, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी डबा खाल्ला. आता रेघ काचेच्या मध्याऐवजी काचेच्याही वर गेली होती. त्यासाठी मी स्वतःला एक कारण दिलं: पेटी थंड असताना तेल पाइपांत, कोपऱ्यांत वगैरे जात असेल, म्हणून थोडं वरपर्यंत धरावं. त्या पेटीत एकही पाइप नव्हता. हे मला माहीत होतं. पण चार वर्षं इंजिनिअरिंग शिकल्यावर 'वगैरे' या शब्दाने बरंच काही पेलता येतं.

साहेबांनी बावीस बघून मान डोलावली. "बघ, सापडली ना?" कुठे होती, ते विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. ठाण्याला सरांना दाखवलं तर ते खूश झाले आणि रिपोर्टचा शेवट त्यांनी मला तिथेच उभ्या उभ्या सांगितला: संगणकीय आकडा आणि प्रत्यक्ष अनुभव तंतोतंत जुळले. पेटी अजून जोडलेलीही नव्हती. सरांची ही गोष्ट मला नेहमी थक्क करते, की त्यांना निष्कर्ष फार लवकर दिसतात.

बावीस पाटीवर कोरला गेला. पुस्तिकेत छापला गेला. रिपोर्टवरची सही पेटी चालून दाखवली की करू, असं साहेब म्हणाले.

पेटी जोडून झाली तेव्हा नेमकी ती गोल काच आली नव्हती. पुरवणाऱ्याने चुकीच्या मापाची पाठवलेली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा माणूस बघायला येणार, म्हणून काचेच्या जागी लोखंडी बूच लावून आजच चालवून बघायचं ठरलं. म्हणजे एकतीस वर्षांत पहिल्यांदाच काकांना आत काही दिसणार नव्हतं, आणि पहिल्यांदाच ते पाटीवरचा आकडा वाचून तेल ओतणार होते. मी तिथे उभी होते. काकांनी पाच लिटरचं माप चार वेळा ओतलं, मग दोन लिटर, आणि झाकण लावलं. तेव्हा बोलायचं होतं. मी तोंडही उघडलेलं. पण मला वाटलं, बावीस त्यांचाच तर आकडा आहे. त्यांचा आकडा ते त्यांच्या हाताने ओततायत, मधे मी कोण?

सकाळी अकराला मोटर चालू केली. पहिली वीस मिनिटं काही झालं नाही, आणि त्या वीस मिनिटांत मी जवळपास विश्वास ठेवला की माझ्या 'वगैरे'मध्ये खरंच काहीतरी असावं. मग पेटीला हात लावून काका म्हणाले, तापतेय. मग हवेच्या भोकातून फेस आला, दूध उतू जाताना येतो तसा, पण तपकिरी. मग वरच्या शाफ्टपाशी तेलाची एक रेघ दिसली आणि नव्या रंगावरून शांतपणे खाली उतरली. काकांनी मोटर बंद केली.

साहेब खाली आले. किती ओतलं, विचारलं.

काका म्हणाले, "बावीस. पाटीवर हाय तेवढंच."

"एकतीस वर्षं काम करताय तुम्ही," साहेब म्हणाले, "आणि पाटी वाचून तेल ओतता?"

महिन्याभरापूर्वी याच साहेबांनी खाली येऊन सगळ्यांना सांगितलेलं की यापुढे अंदाजाने काही करायचं नाही, कागदावर असेल तेच करायचं. हे तिथल्या सगळ्यांना आठवत होतं, ते त्यांच्या न बोलण्यावरून कळत होतं. साहेब म्हणाले, मालकांना काहीतरी दाखवावं लागेल, तर तेल जास्त कसं पडलं याचा लेखी खुलासा तीन वाजेपर्यंत द्या. आणि वर गेले.

जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या टेबलापाशी आले. त्यांच्या हातात एक कोरा कागद होता, रेघांचा, वहीतून नीट फाडलेला.

"तुझं अक्षर चांगलं हाय गो," ते म्हणाले. "तू लिही, मी सही मारतो. माझ्याच्यानं ते शुद्ध काय लिवनं होत नाय."

मी विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, लिही की माझ्याकडून माप ओतताना चूक झाली. मग फारसं काही विशेष नसल्यासारखं म्हणाले, "एकतीस वर्सांत फायलीत एक कागद नाय माझ्या. ह्यो पहिला. जानेवारीत रिटायर होऊन सुटनार होतो."

मी पेन घेतलं. 'मी, खाली सही करणार' इथपर्यंत लिहिलं. इतकं सुंदर अक्षर मी परीक्षेतही काढलेलं नाही. आणि मला आत कुठेतरी खरंच वाटत होतं की हे लिहून देणं ही मी त्यांना करत असलेली मदत आहे. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याला माप नाही. असतं तर तेही मी रेघ सरकवून जुळवलं असतं.

पुढचा शब्द येईना. काका वाट बघत होते. शेवटी मी पेन ठेवलं आणि म्हटलं, काका, तुमची चूक नाहीये. मी अठरा पॉइंट चार मोजलेले. तुम्ही बावीस म्हणालात म्हणून मी बावीस केले. हे मी एका वाक्यात सांगितलं असं आता वाटतं, पण तेव्हा बराच वेळ लागला. मधे मी पाइपांचंही काहीतरी सांगितलं आणि काकांनी पाइप कुठायत म्हणून विचारलं.

ते खुर्ची ओढून बसले. रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं.

"मी जुन्या पेटीचं बोल्लो," ते म्हणाले. "तिच्यात ह्या आतल्या पट्ट्या नव्हत्या, चाकं पन बारकी. बाहेरनं माप एकच. तू नवी मोजलीस. मग मला येऊन बोलायचं नाय, का काका तुमचं चुकतंय?"

"तुम्हाला कसं सांगणार?"

"का? मी चावतो?"

काकांनी तो कागद उचलला, त्यावरचे माझे सुंदर चार शब्द वाचले, घडी घातली आणि खिशात ठेवला. म्हणाले, जा वर, सांग. मी विचारलं, तुम्ही येता का सोबत? म्हणाले, मी कशाला, मी काय मोजलं?

साहेबांना सांगताना मी दाराशीच उभी राहिले. आत बोलवायला त्यांना सुचलं नाही आणि आत जायला मला. मी रेघेचं सांगितलं, किती सरकवली तेही. त्यांनी टेबलावरची पुस्तिका जवळ ओढली, जिच्यात बावीस छापलेलं होतं.

"मी तुला चूक शोध म्हणालो होतो," ते म्हणाले. "आकडा जुळव म्हणालो नव्हतो."

हे खरं होतं. मला नंतर बरेच दिवस असं सुचत राहिलं की तेव्हा मी म्हणायला हवं होतं, तुम्हीही विचारलं नाहीत चूक कुठे होती. पण ते मला कल्याणच्या रिक्षात सुचलं, आणि रिक्षावाल्याला ऐकवण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मी फक्त सॉरी म्हटलं, आणि काकांचा खुलासा नको, माझा घ्या म्हटलं.

ते म्हणाले, तू इथली नोकरदार नाहीस, तुझा खुलासा घेता येत नाही. म्हणजे चूक करायची परवानगी होती, कबूल करायची नव्हती. मग त्यांनी बराच विचार करून रस्ता काढला. ड्रॉइंग बदल, नवा आकडा टाक, बाकी मी बघतो.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता असतो. काहीही बदललं की तिथे एक ओळ भरायची: काय बदललं, कोणी बदललं, कारण. त्या कंपनीत 'कारण' या रकान्यात सगळे एकच लिहितात: 'गरजेनुसार'. मी जुनी ड्रॉइंग काढून बघितली. भिंत जाड केली, गरजेनुसार. भोक हलवलं, गरजेनुसार. एका ड्रॉइंगवर एकाच बदलाखाली तीन दिवसांत तीनदा गरज बदललेली होती. कुणाचीही चूक कधीच झालेली नव्हती. कंपनीला फक्त गरजा होत्या, त्याही भरपूर.

मी लिहिलं: बावीसचे अठरा पॉइंट चार. कारण: आधी बरोबर मोजलेला आकडा मी चुकीचा करून दिला होता. रकाना लहान, म्हणून अक्षर बारीक करावं लागलं. खाली माझी आद्याक्षरं. मग कागद छापून सह्यांसाठी पाठवला. तिघांच्या सह्या लागतात. अर्ध्या तासात तिन्ही होऊन आल्या. साहेबांचीही. कुणीही तो रकाना वाचलेला नव्हता. माझ्या आयुष्यातला पहिला कबुलीजबाब तीन जबाबदार माणसांनी तपासून मंजूर केला आणि तो आजही तिथे फाइलला लागलेला आहे. साहेबांनी काकांकडून पुन्हा खुलासा मागितला नाही. मालकांना काय सांगितलं कोण जाणे. गरजेनुसार काहीतरी सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी योग्य मापाची काच आली. गिऱ्हाइकाचा माणूस दुपारी येणार होता. काकांनी सगळं तेल काढलं, पेटी आतून पुसली, बावीसची पाटी उखडली, बूच काढून काच बसवली. मग माझ्या हातात माप दिलं. "तुझा आकडा, तूच ओत."

मी ओतलं. तीनदा पाच लिटर, मग तीन, मग छोट्या मापाने चारशे मिलिलिटर. शेवटचे थेंब पडेपर्यंत माप तसंच धरलं. साहेब आलेले होते. आम्ही तिघे त्या काचेसमोर वाकलो. तेल शांत व्हायला जरा वेळ घेतं. ते शांत झालं, आणि काचेच्या मध्याच्या खाली थांबलं. फार नाही, चार मिलिमीटर. पण खाली.

हा क्षण मला ओळखीचा होता. अशा वेळी मी नेहमी सॉरी म्हणते.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पेटीकडे बघत होते. मी प्रत्येक भोक बुजवलेलं, प्रत्येक पट्टी वजा केलेली. मग तेल कमी का पडलं? म्हणजे आत कुठेतरी अशी जागा आहे जिच्यात तेल गेलं आणि जी माझ्या हिशोबात भरीव आहे. मी पेटीचे भाग मनात एकेक करून सोडवत गेले, आणि शाफ्टच्या टोकांशी येऊन थांबले. बेअरिंगं. खरं बेअरिंग म्हणजे दोन कड्या आणि मधे फिरणारे रोलर, आणि रोलरच्या मधे फटी. पण प्रोग्रामच्या तयार साठ्यातून बेअरिंग घेतलं की ते नुसतं एक भरीव कडं येतं, मेदूवड्यासारखं. सगळेच ते तसंच वापरतात, मीही वापरलेलं.

"बेअरिंगमध्ये गेलं," मी म्हटलं. आवाज जरा मोठा आला. "मी ती भरीव धरलेली. चार आहेत. त्यांच्या फटींत गेलंय तेल."

साहेबांनी खाली वाकून शाफ्टच्या टोकाकडे बघितलं, जणू तिथून फटी दिसणार होत्या. मग सरळ झाले, घड्याळ बघितलं, आणि म्हणाले, "असेल. मग नव्या पाटीवर किती कोरायचं? एकोणीस करू का सरळ? चालेल?"

एकोणीस हा चांगला आकडा होता. गोल होता, खऱ्याच्या जवळपास असणार होता, साहेबांनी स्वतः सुचवलेला होता, आणि माझ्या रिपोर्टवर अजून त्यांची सही व्हायची होती. आठवड्यापूर्वी मी तो दोन्ही हातांनी घेतला असता, वर थँक्यू म्हटलं असतं.

"नाही," मी म्हटलं, आणि लगेच घाबरून, "म्हणजे, असू शकतं, सर. पण मोजून सांगते. कॉम्प्युटरवर बेअरिंगं फटींसकट नीट काढते आणि परत वजा करते."

"किती वेळ लागेल?"

"दोन तास," मी म्हटलं. मग खरं सांगितलं. "संध्याकाळपर्यंत."

"दुपारी माणूस येतोय."

"त्यांना काच दाखवा. काका मध्यापर्यंत तेल ओततील, पेटी चालेल. पाटी नंतर ठोकू."

साहेब काही बोलायच्या आत काकांनी तेलाचा डबा उचलला आणि ओतायला सुरुवात केली, काचेवर डोळा ठेवून, नेहमीसारखी. मी वर गेले. जिन्यात मला सहीची आठवण झाली आणि मी एका पायरीवर थांबले, पण तोवर निम्मा जिना चढून झाला होता. खालून काकांचा आवाज येत होता, पाटी ठोकायला हातोडी घेऊन आलेल्या माणसाला ते सांगत होते, बस जरा, घाई करू नको, पोरगी मोजतेय.